महाधमनीच्या झडपेचा इको : तपासणी कशी व्हावी आणि अहवाल कसा वाचावा

पावसाळ्यात पंचगंगेला फुगवटा आला की कोल्हापूरचा माणूस राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे इथे बहुतेकांना पाठ असतात; पण ‘आता चाळीस फूट’ एवढे ऐकून कोणी गप्प बसत नाही. सकाळी किती होती, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, पाणी चढते आहे की उतरते आहे, हे कळल्याशिवाय त्या चाळीसला अर्थ येत नाही. हृदयाच्या टू-डी इकोचा, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाची चित्रे घेणाऱ्या तपासणीचा, अहवाल हातात आला की मात्र तीच माणसे एका शब्दावर थांबतात : ‘मॉडरेट’ असेल तर निर्धास्त, ‘सिव्हिअर’ असेल तर हवालदिल. हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या तोंडावरील, म्हणजे महाधमनीच्या झडपेच्या (एऑर्टिक व्हॉल्व्हच्या), आजारात ही सवय विशेष नडते. या झडपेची प्रतवारी एका आकड्यावर होत नाही. तीन-चार आकडे एकमेकांशी, रुग्णाच्या शरीरयष्टीशी, तपासणीच्या वेळच्या रक्तदाबाशी आणि मागच्या अहवालाशी जुळतात की नाही, हे पाहूनच ती करावी लागते.

हे मार्गदर्शन मुख्यतः दोघांसाठी लिहिले आहे : गावातील फॅमिली डॉक्टर, ज्यांच्या टेबलावर हा अहवाल सर्वांत आधी येतो, आणि घरातील ती एक व्यक्ती, जी रुग्णाची फाइल सांभाळते. शस्त्रक्रियेचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञानेच घ्यायचा आहे. परंतु तपासणी नीट झाली की नाही आणि अहवालात काय राहून गेले, हे ओळखण्यासाठी तज्ज्ञच असावे लागते असे नाही.

तपासणीला जाण्यापूर्वी

साध्या इकोसाठी उपाशी राहावे लागत नाही आणि रोजची औषधे बंद करावी लागत नाहीत. उलट रक्तदाबाची गोळी त्या दिवशी चुकवू नये, कारण रक्तदाब फार वाढलेला असेल तर झडपेवरचे आकडे फसवे येतात. घशातून नळी घालून करायच्या इकोला मात्र साधारण सहा तास उपाशी राहावे लागते. सोबत जुने सर्व अहवाल न्यावेत. केवळ शेवटचा नव्हे, पहिला सुद्धा. अहवालावर उंची, वजन आणि तपासणीच्या वेळचा रक्तदाब लिहिलेला असावा, असे आधीच सांगून ठेवावे. ही मागणी क्षुल्लक वाटते, पण या तीन नोंदी नसलेला अहवाल माझ्या मते अर्धाच असतो.

रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवून छातीच्या डाव्या कडेला, हृदयाच्या टोकाशी आणि गळ्याखालच्या खाचेत प्रोब (ध्वनिलहरी सोडणारे छोटे उपकरण) ठेवून चित्रे घेतली जातात. झडप अरुंद असल्याचा संशय असेल तर रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून छातीच्या उजव्या कडेलाही प्रोब ठेवला पाहिजे. या वळवण्याला कंटाळा केला जातो, आणि त्याचे मोल काय, ते पुढे येईलच. झडपेच्या आजाराची नीट तपासणी पाच मिनिटांत उरकत नाही. अर्धा तास ते पाऊण तास लागला तर ते चांगले लक्षण समजावे.

झडप अरुंद झाली असेल तर

निरोगी महाधमनी-झडपेला तीन पाकळ्या असतात आणि ती पूर्ण उघडली की तिचे तोंड सुमारे ३ ते ४ चौरस सेंटीमीटर असते. वय वाढते तसे पाकळ्यांवर कॅल्शियम साचून त्या ताठरतात. काहींना जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असतात. शंभरात एक-दोन माणसांत हे आढळते आणि त्यांची झडप इतरांपेक्षा दहा-वीस वर्षे आधी खराब होऊ शकते. तिसरे कारण आपल्याकडे अजून गेलेले नाही : लहानपणी घसा सुजून, सांधे धरून झालेला संधिवाताचा ताप. त्यात पाकळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात आणि बहुधा शेजारची मायट्रल झडपही बिघडलेली असते. म्हणून अहवालात पहिली गोष्ट शोधायची ती आकडा नव्हे, तर ही तीन वाक्ये : पाकळ्या किती, कॅल्शियम किती, मायट्रल झडप कशी. पाकळ्यांची मोजणी झडप उघडलेली असतानाच करायची असते. मिटलेल्या अवस्थेत दोन पाकळ्यांमधील जुनी शिवण तिसऱ्या पाकळीच्या कडेसारखी दिसते आणि दोनाच्या तीन होतात.

त्यानंतर डॉपलर. ध्वनिलहरींच्या साह्याने झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजला जातो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही : बरगे, म्हणजे फळ्या, घालून गाळे जितके बुजवावेत तितके उरलेल्या फटीतून पाणी जोराने उसळते. झडपेतून रक्त सेकंदाला २ मीटरपेक्षा कमी वेगाने जात असेल तर खरा अडथळा नाही. २ ते ३ सौम्य, ३ ते ४ मध्यम, आणि ४ मीटर किंवा अधिक असेल तर अरुंदता तीव्र समजतात. ५ मीटर आणि त्यावरचा वेग अतितीव्र. वेगाचा वर्ग करून त्याला चाराने गुणले की झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातील कमाल फरक मिळतो. म्हणजे ४ मीटर वेगाला ६४ मिलिमीटर पारा. अहवालात याशिवाय सरासरी फरकही असतो आणि प्रतवारी त्या सरासरीवर करायची असते : २० पर्यंत सौम्य, ४० किंवा अधिक तीव्र. पुष्कळदा कमाल आकडा पाहून घरचे लोक घाबरतात, किंवा दोन अहवालांपैकी एकाचा कमाल आणि दुसऱ्याचा सरासरी आकडा घेऊन तुलना करतात. तसे करू नये.

आता उजव्या कुशीची गोष्ट. डॉपलरला खरा वेग तेव्हाच कळतो, जेव्हा लहर रक्ताच्या धारेच्या सरळ रेषेत असते. कोन तिरका झाला की वेग कमी दिसतो, जास्त कधीच दिसत नाही. समजा, हृदयाच्या टोकाकडून ३.६ मीटर वेग मिळाला. सूत्राने कमाल फरक सुमारे ५२ येतो आणि अहवालावर ‘मध्यम’ असे लिहिले जाते. त्याच रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून छातीच्या उजव्या कडेने मोजले तर ४.३ मीटर मिळू शकतो, म्हणजे ७४. झडप तीच, दिवस तोच, आणि रुग्ण मध्यमातून तीव्र गटात गेला. म्हणून सर्वांत मोठा वेग कोणत्या जागेवरून मिळाला, हे अहवालात लिहिलेले असावे. या कामासाठी चित्र न दाखवणारा, पेन्सिलीसारखा छोटा प्रोब मिळतो. बरगड्यांमधील अरुंद जागेत तो मोठ्या प्रोबपेक्षा चांगला बसतो. एक उलटी चूकही होते : मायट्रल झडप गळत असेल तर तिची वेगवान धार चुकून महाधमनीची समजली जाते. गळतीच्या धारेचा आलेख अधिक वेळ चालतो, झडप उघडण्याच्या आधीच सुरू होतो, यावरून ती ओळखावी. नाडी अनियमित असेल, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर एका ठोक्यावर विसंबू नये. किमान पाच ठोक्यांची सरासरी घ्यावी.

तिसरा आकडा झडपेच्या तोंडाच्या क्षेत्रफळाचा. १.५ चौरस सेंटीमीटरपेक्षा अधिक असेल तर सौम्य, १ ते १.५ मध्यम, आणि १ किंवा त्याहून कमी असेल तर तीव्र. हे क्षेत्रफळ प्रत्यक्ष मोजत नाहीत, तर हिशेबाने काढतात : झडपेच्या अलीकडच्या मार्गिकेतून जितके रक्त गेले तितकेच झडपेतून गेले पाहिजे, हे त्यामागचे साधे तत्त्व. त्या मार्गिकेचा व्यास चित्रावर मोजतात आणि घोडे पेंड खाते ते इथेच, कारण हिशेबात व्यासाचा वर्ग होतो. व्यास २.० सेंटीमीटर धरला आणि मार्गिकेतील व झडपेतील प्रवाहाच्या आलेखांची मापे (अहवालातील व्हीटीआय) अनुक्रमे २२ व ७५ सेंटीमीटर असली, तर क्षेत्रफळ ०.९२ येते : तीव्र. तोच व्यास कोणी २.२ मोजला तर १.११ : मध्यम. दोन मिलिमीटरांनी निदान बदलले. म्हणून चित्र मोठे करून, हृदय आकुंचन पावत असताना, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजावे, आणि पुढच्या प्रत्येक तपासणीत मागचा व्यास समोर ठेवावा. मोठ्या माणसाचा हा व्यास सहा महिन्यांत बदलत नाही. बदललेला दिसला तर झडप नव्हे, मोजमाप बदलले आहे.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

वेग ४, सरासरी फरक ४० आणि क्षेत्रफळ १ यांच्या एकाच बाजूला सगळे आकडे असले तर प्रश्न मिटला. अडचण तेव्हा येते जेव्हा क्षेत्रफळ ०.८ असते, पण वेग ३.२ आणि सरासरी फरक २६ च असतो. अशा वेळी सर्वांत आधी मोजमापातील चूक शोधावी. ती वर सांगितलीच आहे. मग रुग्णाची अंगकाठी पाहावी. दीड मीटर उंचीच्या आणि ४५ किलो वजनाच्या एखाद्या आजींच्या शरीराचे पृष्ठफळ सुमारे १.३७ चौरस मीटर भरते. त्यांची झडप ०.९ असेल तर पृष्ठफळाच्या प्रमाणात ती ०.६६ होते, आणि तीव्रतेची मर्यादा ०.६ आहे. लहान चणीच्या माणसाला लहान झडप पुरते, हे यंत्राला ठाऊक नसते.

मग रक्तदाब. १८० वर १०० रक्तदाब असताना केलेला इको, दाब आटोक्यात आणून पुन्हा करावा.

हे सर्व तपासून झाल्यावरही आकडे जुळत नसतील तर कमी प्रवाहाचा विचार करायचा, आणि हा भाग सर्वांत घातक आहे. उन्हाळ्यात नदीच आटलेली असेल तर बंधाऱ्याचे गाळे बुजलेले असूनही फटीतून पाणी संथच वाहते. ते पाहून ‘गाळे मोकळे आहेत’ असे कोणी म्हणणार नाही. हृदयाचे पंपिंग घसरले असेल तर नेमके हेच घडते : झडप अत्यंत अरुंद असते, पण तिच्यातून जोराने ढकलायला ताकद उरलेली नसते, म्हणून वेग मध्यम दिसतो आणि गरजू रुग्ण ‘मध्यम’ म्हणून घरी पाठवला जातो. एका ठोक्याला बाहेर पडणारे रक्त पृष्ठफळाच्या प्रमाणात ३५ मिलिलीटरपेक्षा कमी असेल तर प्रवाह कमी समजतात. पंपिंग, म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला बाहेर फेकला जाणारा हिस्सा (अहवालातील ईएफ), ५० टक्क्यांखाली असेल तर डोब्युटामिन हे औषध शिरेतून हळूहळू वाढवत इको करतात. प्रवाह वाढल्यावर वेग ४ च्या वर गेला आणि क्षेत्रफळ तेवढेच राहिले तर अरुंदता खरी तीव्र. पंपिंग चांगले असूनही प्रवाह कमी असू शकतो, विशेषतः जाड भिंतींच्या लहान हृदयाच्या वृद्ध स्त्रियांत. तिथे झडपेवरील कॅल्शियमची सीटी स्कॅनने मोजणी उपयोगी पडते : पुरुषात २००० आणि स्त्रीत १२०० एककांच्या वर गेल्यास तीव्र अरुंदतेची शक्यता बळावते.

झडप गळत असेल तर

गळतीत डोळ्यांना सर्वांत अधिक फसवतो तो पडद्यावरचा रंग. यंत्राची मांडणी बदलली की तीच गळती लहान किंवा मोठी दिसते. म्हणून ‘रंग खूप दिसला’ ही प्रतवारी नव्हे. गळतीच्या धारेचा सर्वांत अरुंद भाग मोजावा : ३ मिलिमीटरपेक्षा कमी सौम्य, ६ पेक्षा अधिक तीव्र. दर ठोक्याला मागे येणारे रक्त ६० मिलिलीटर किंवा अधिक असेल, किंवा पुढे गेलेल्यापैकी निम्मे परत येत असेल, तर गळती तीव्र. डॉपलरच्या आलेखाचा उतार दाबाचा फरक किती वेळात निम्मा होतो ते सांगतो. २०० मिलिसेकंदांच्या आत झाला तर तीव्र, ५०० च्या वर तर सौम्य, मात्र हृदय ताठर असेल तर हा आकडाही फसवतो. माझा स्वतःचा भरवसा एका साध्या निरीक्षणावर अधिक आहे : खाली पोटाकडे जाणाऱ्या महाधमनीत हृदय शिथिल असताना संपूर्ण वेळ रक्त उलटे वाहताना दिसले, तर गळती मोठी आहे, मग रंग काहीही सांगो.

गळतीत हृदयाचा आकार हाच पुढच्या निर्णयाचा पाया असतो, कारण डावे निलय, म्हणजे महाधमनीत रक्त ढकलणारा हृदयाचा कप्पा, वर्षानुवर्षे रुंद होत जाते आणि रुग्णाला फारसे काही जाणवत नाही. आकुंचनाच्या शेवटी निलयाचा व्यास ५० मिलिमीटरच्या वर, किंवा पृष्ठफळाच्या एका चौरस मीटरमागे २५ च्या वर गेला, अथवा पंपिंग ५५ टक्क्यांवर किंवा त्याखाली आले, की त्रास नसतानाही शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. यातील दुसरी मर्यादा विसरली जाते. १.४ चौरस मीटर पृष्ठफळाच्या स्त्रीचा हा व्यास ३८ असेल तर पन्नासच्या मापाने तो निर्धोक दिसतो, पण तिच्या मापाने ती मर्यादा ओलांडून गेलेली असते.

कोल्हापुरात इथे एक वेगळाच पेच पडतो. तालमीत वर्षानुवर्षे जोर-बैठका आणि लढती केलेल्या पैलवानाचे हृदय मुळातच काहीसे मोठे असते. त्याच्या झडपेला दोन पाकळ्या असून ती गळत असेल, तर वाढलेल्या आकारातील मेहनतीचा वाटा किती आणि गळतीचा किती, हे एका इकोवर सांगता येत नाही. अशा वेळी गळतीचे प्रमाण स्वतंत्रपणे मोजावे, काही महिन्यांनी त्याच केंद्रात पुन्हा मोजावे, आणि महाधमनीची रुंदी न चुकता पाहावी. दोन पाकळ्यांच्या झडपेसोबत महाधमनीची भिंतही अनेकदा दुबळी असते, ती ५.५ सेंटीमीटरपर्यंत रुंदावली तर झडप बरी असली तरी शस्त्रक्रिया लागते, आणि कुटुंबात महाधमनी फाटल्याचा इतिहास असेल तर ५ वरच. रुंदावलेली महाधमनी घेऊन श्वास कोंडून वजन उचलणे किंवा कुस्ती खेळणे धोक्याचे आहे, हे वस्तादांनाही स्पष्ट सांगावे. या रुग्णाच्या आई-वडिलांचा, भावंडांचा व मुलांचा एकदा इको करून घ्यावा.

एकाएकी सुरू झालेली गळती हा निराळाच प्रकार आहे. झडपेला जंतुसंसर्ग झाला किंवा महाधमनी फाटली तर निलयाला रुंद व्हायला वेळच मिळत नाही. इकोत हृदय जवळपास नेहमीच्या आकाराचे दिसते आणि रुग्ण मात्र धापा टाकत असतो. आकार पाहून दिलासा देण्याची ही वेळ नव्हे. त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

अहवालानंतर

‘धाप लागते का?’ हा प्रश्न पुरेसा नाही, कारण माणूस आपले काम नकळत कमी करतो आणि मग खरोखरच ‘नाही’ म्हणतो. दोन वर्षांपूर्वी जोतिबाच्या पायऱ्या न थांबता चढत होता का, आता खालीच बसून राहतो का, डेअरीला दुधाची किटली कोण नेते, उसाच्या फडातून घरी यायला पूर्वी किती वेळ लागत होता, असे विचारावे, आणि शक्यतो घरच्यांना विचारावे. तीव्र अरुंदतेत धाप, छातीत दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे यांपैकी एक जरी सुरू झाले तरी झडप बदलण्याचा निर्णय लांबवू नये. या टप्प्यानंतर शस्त्रक्रियेशिवाय उरणारा काळ बोटांवर मोजण्याइतक्या वर्षांचा असतो. त्रास नसेल तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ट्रेडमिल चाचणी करून तो खरोखर नाही ना, हे पाहता येते. ज्याला त्रास आहे त्याला ट्रेडमिलवर कधीही चढवू नये.

त्रास नसताना इको किती वेळाने करावा, याचा साधारण ठोकताळा असा : सौम्य आजारात तीन ते पाच वर्षांनी, मध्यम आजारात एक-दोन वर्षांनी, तीव्र आजारात सहा महिने ते एक वर्षाने. अरुंद झडपेतील वेग वर्षाला सरासरी ०.३ मीटरने वाढतो. तीव्र आजारात तो त्याहून झपाट्याने वाढत असेल तर त्रासाची वाट पाहत बसू नये. शक्यतो त्याच केंद्रात, त्याच हाताने तपासणी व्हावी.

अरुंदता थांबवणारे औषध आज उपलब्ध नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनीही झडपेचे कॅल्शियम थांबत नाही. त्या घ्यायच्या त्या रक्तवाहिन्यांसाठी. रक्तदाबावर उपचार मात्र हवेत, फक्त मात्रा हळूहळू वाढवावी. संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेली असेल तर तीन-चार आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन चुकवू नये. पुष्कळ वयस्कर मंडळी छातीत दुखल्यास घेण्यासाठी खिशात सॉर्बिट्रेटची गोळी बाळगतात. झडप तीव्र अरुंद असताना ती गोळी जिभेखाली ठेवल्यास रक्तदाब एकदम उतरून माणूस कोसळू शकतो, म्हणून तज्ज्ञाला विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

झडप बदलायची ठरली तर छाती उघडून की मांडीच्या रक्तवाहिनीतून, हे वय, इतर आजार आणि झडपेची रचना पाहून ठरते. पासष्टच्या आत बहुधा शस्त्रक्रिया, ऐंशीच्या पुढे बहुधा मांडीतून. मधल्या वयात दोन्ही बाजू मांडून चर्चा करावी. मांडीतून बसवायच्या झडपेचे माप सीटी स्कॅनवर घेतात, इकोवर नव्हे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले उपचार बसतात का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच लेखी समजून घ्यावे. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सीपीआरमध्ये, चौकशी करणेही सोयीचे.

नवी झडप बसल्यावर दीड ते तीन महिन्यांत एक इको करून त्यातील आकडे जपून ठेवावेत. पुढे कधी झडप बिघडल्याचा संशय आला तर तुलना याच अहवालाशी होते. कारण कृत्रिम झडपेचा वेग मुळातच थोडा अधिक असतो आणि जुना आकडा नसेल तर नवा वाचता येत नाही. झडपेचा प्रकार आणि क्रमांक लिहिलेले कार्ड फाइलमध्ये ठेवावे व त्याचा फोटो मोबाइलमध्येही. धातूची झडप असेल तर रक्त पातळ करणारी गोळी आणि आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झाले याची, तपासणी आयुष्यभर. गर्भधारणेचा विचार असेल तर दिवस जाण्यापूर्वीच तज्ज्ञाला भेटावे. दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला झडपेची कल्पना द्यावी. कृत्रिम झडप असलेल्यांना त्याआधी प्रतिजैविकाची एक मात्रा लागते.

अशा रुग्णाला कारण न सापडणारा ताप आठवडाभर राहिला, तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर घ्यावे, कारण दोन दिवसांच्या गोळ्यांनी जंतू रक्तात सापडेनासे होतात आणि झडपेवर मात्र वाढत राहतात. छातीवरून केलेल्या इकोत काही दिसले नाही म्हणजे संसर्ग नाही, असे समजू नये. घशातून इको करावा, आणि तोही निर्दोष आला पण संशय कायम असेल तर पाच ते सात दिवसांनी पुन्हा करावा.